ट्रीमॅप की सॉर्ट केलेला ॲरे?

प्रत्येक आकड्याच्या उजवीकडचा, त्याच्याइतका किंवा त्याहून मोठा असा सर्वांत लहान आकडा शोधायचाय. समजा ॲरे (आकड्यांची सलग रांग) आहे ७, ३, ९, ५, ८. उजवीकडून चालत एकेक आकडा जावा भाषेतल्या ट्रीमॅपमध्ये, म्हणजे आकडे आपोआप क्रमाने लावून ठेवणाऱ्या रचनेत, टाकत यायचं. ७ पाशी पोचेपर्यंत आत ३, ५, ८, ९ ओळीने बसलेले असतात. सीलिंगकी (७ इतका किंवा त्याहून मोठा असा सर्वांत लहान आकडा) विचारली की ८ हातात. टाकणं नि शोधणं, दोन्ही लॉग एन, म्हणजे आकडे दुप्पट झाले तरी साधारण एखादंच पाऊल वाढतं.

सॉर्ट केलेल्या ॲरेत बायनरी सर्चही (दरवेळी अर्धा भाग गाळत शोधणं) चपळच: लाखभर आकड्यांत साधारण १७ तुलना. घोडं अडतं ते नवा आकडा घुसवताना, कारण पुढचे सगळे एकेक घर सरकवावे लागतात. इथे मी डोळे झाकून ट्रीमॅप घेईन.

आकडे आधीच ठरलेले असतील तर मात्र ॲरेच. मेमरीत सगळं सलग, नोडचं, म्हणजे ट्रीमॅपमधल्या प्रत्येक आकड्याच्या वेगळ्या डब्याचं, ओझं नाही.