काळ्या जोडीचे पिवळे पिल्लू: रंगाचा अंदाज सांगणारे एक अ‍ॅप

कुत्र्या-मांजरांच्या जन्माला येणाऱ्या पिल्लांचा रंग आधीच सांगणारे एक अ‍ॅप मी गेले दोन महिने वापरत आहे. त्याची आकडेमोड चोख आहे. मात्र ती ज्या माहितीवर उभी राहते, तिच्या बाबतीत ते फार बेफिकीर आहे. म्हणून पाचपैकी तीनच तारे.

लॅब्राडोरचा रंग मुख्यतः दोन जनुकांवर ठरतो. एक जनुक रंगद्रव्य काळे की चॉकलेटी हे ठरवते, तर दुसऱ्याच्या दोन्ही प्रती अप्रभावी (प्रभावी प्रतीसोबत असता झाकल्या जाणाऱ्या) असल्या की गडद रंगद्रव्य केसांत उतरतच नाही आणि कुत्रा पिवळा दिसतो. नर व मादी दोघांच्याही दोन्ही जनुकांच्या जोड्या मिश्र (एक प्रत प्रभावी, एक अप्रभावी) भरल्या, की सोळा घरांची पुनेट चौकट, म्हणजे आईवडिलांच्या जनुकांच्या सर्व शक्य जुळण्यांचा तक्ता, उमटते आणि कोणत्याही घरावर बोट ठेवले की कोणते जनुक आईचे व कोणते वडिलांचे हे दिसते. काळी 9, चॉकलेटी 3, पिवळी 4. दोन मिश्र जोड्यांच्या संकरासाठी आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलने दिलेल्या 9:3:3:1 या प्रमाणातले शेवटचे दोन गट पिवळ्यात का मिसळतात, हे इथे पाहताक्षणी उमगते. मांजरांचे नारिंगी जनुक एक्स या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असते, याचेही भान अ‍ॅपला आहे.

जनुके न भरता नुसता ‘काळा’ हा पर्याय निवडला, तर मात्र अ‍ॅप न विचारता कुत्रा शुद्ध काळा धरते आणि दोन काळ्यांची सगळी पिल्ले काळीच होतील असे ठणकावून सांगते. काळ्या कुत्र्याकडे पाहून त्याची अप्रभावी जनुके कळत नाहीत. त्यासाठी डीएनए चाचणी किंवा चाचणी संकर, म्हणजे अप्रभावी रंगाच्या जोडीदाराशी संकर, लागतो. चॉकलेटी मादीपासून त्याला सातही पिल्ले काळी झाली, तर चॉकलेटीच्या बाबतीत तो बहुधा शुद्ध, कारण चॉकलेटीचे जनुक बाळगणाऱ्या नराच्या बाबतीत असा योग 128 मध्ये एकदाच येतो. शिवाय, पिवळ्याची शक्यता 25 टक्के असली की अ‍ॅप आठ पिल्लांच्या चित्रात बरोबर दोन पिवळी रंगवते. प्रत्यक्षात आठांत एकही पिवळे नसण्याची शक्यता सुमारे 10 टक्के असते.

दोन मर्ल, म्हणजे फिकट रंगावर गडद डाग असलेल्या, कुत्र्यांच्या संकराचा निकाल मला सर्वांत खटकला. त्यात सरासरी चौथा हिस्सा पिल्लांना मर्लच्या दोन्ही प्रती मिळतात, आणि अशी पिल्ले अनेकदा बहिरी किंवा डोळ्यांत दोष घेऊन जन्मतात. अ‍ॅप त्या घरात फक्त ‘बहुतांशी पांढरा’ एवढेच लिहिते.