२८ लिटरचा ओटीजी : दोन दिवाळ्या आणि एका नाताळानंतर

आमच्याकडे दिवाळीची नानकटाई घरी भाजली जात नसे, ती बेकरीत भाजून आणली जाई. मैदा, पिठीसाखर, तूप आणि वेलदोड्याची पूड मोजून डब्यांत भरायची, वसुबारसेच्या चार दिवस आधी बेकरीच्या मागच्या दाराशी रांग लावायची आणि नावाची चिठ्ठी डकवलेला पत्र्याचा डबा घेऊन रात्री उशिरा घरी परतायचे, हा क्रम माझ्या आईने ३० वर्षांहून अधिक काळ पाळला. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली, परंतु आमच्या बेकरीने घरगुती घाणे घेणे त्याआधीच बंद केले होते. म्हणून २०२४ च्या दिवाळीपूर्वी आम्ही हा ओटीजी, म्हणजे विजेवर चालणारा ओव्हन-टोस्टर-ग्रिल, घेतला. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगितलेला मुख्य दोष मला मैत्रिणीच्या वेगळ्या कंपनीच्या ओटीजीतही आढळला.

यंत्र १५०० वॅटचे आहे. वर दोन आणि खाली दोन रॉड, मागे पंखा, काचेचे दार, तापमान, रॉडची निवड आणि वेळ यांसाठी तीन बटणे, एवढाच त्याचा संसार. २३० व्होल्टवर हे यंत्र साधारण साडेसहा अँपियर वीज ओढते, त्यामुळे मिक्सरच्या सहा अँपियरच्या सॉकेटवर ते लावू नये. स्वयंपाकघरात पॉवर प्लग नसेल तर तो बसवून घेण्याचा खर्च किमतीत आधीच धरावा. आमच्याकडे तो फ्रिजला दिलेला होता, आणि पहिली दिवाळी फ्रिज बंद करून, घड्याळाकडे पाहत भाजण्यात गेली.

आता मुख्य तक्रार. पहिल्या घाण्याला मी बटण १६० अंशांवर ठेवले, दहा मिनिटे ओटीजी तापवला आणि बारा नानकटाया आत सरकवल्या. आठव्या मिनिटाला त्यांनी फतकल मारली, एकमेकींना चिकटल्या आणि कडा करपल्या, तरी मधला भाग कच्चाच राहिला. यात माझाही दोष होता: बेकरीवाले वनस्पती तूप वापरत, जे उष्णतेत लवकर पाघळत नाही, तर आम्ही सायीचे साजूक तूप घेतले होते, जे मुंबईच्या ऑक्टोबरात ओट्यावरच सैल पडते. पुढच्या घाण्याला गोळे वळून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवले, तेव्हा आकार बराच टिकला, पण कडा तरीही करपल्या. शेवटी ओव्हनचा साधा काट्याचा थर्मामीटर आणून मधल्या जाळीवर ठेवला, तेव्हा उलगडा झाला. बटण १६० वर असताना आतले तापमान १९० च्या जवळ जाई, तिथे रॉड विझे, आणि तो पुन्हा पेटेपर्यंत काटा १६५ वर उतरलेला असे. उष्णता मोजणारी पट्टी भिंतीलगत बसवलेली असल्याने मधल्या हवेची खबर तिला उशिरा लागते, असे मला वाटते. सेवा केंद्राचा माणूस नवव्या दिवशी आला आणि ‘वीस-पंचवीस अंशांचा फरक चालतो’ असे सांगून सही घेऊन गेला. चालत असेल, परंतु मग ही गोष्ट माहितीपुस्तिकेत छापायला हवी होती. आता बटणावर १३५ च्या जागी नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे, आणि आमच्या घरात १६० म्हणजे तो ठिपका.

ठिपक्यावर ठेवून, मधल्या जाळीवर, दोन्ही रॉड लावून आणि पंखा बंद ठेवून १८ मिनिटे भाजले की नानकटाई उत्तम होते. चार वाट्या मैद्याला एक वाटी बेसन घेतले आणि तूप पांढरे, हलके होईपर्यंत हाताने फेसले, तर ती बेकरीच्या तोडीची खुसखुशीत होते. बाहेर काढताना ती मऊ लागते, म्हणून आणखी पाच मिनिटे ठेवण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण ती गार होतानाच घट्ट होते. सोबत आलेला काळा ट्रे मात्र मी वापरत नाही. तो पातळ आहे, तापल्यावर ‘टण्’ असा आवाज करून एका कोपऱ्यातून उचलला जातो आणि गोळे एका बाजूला घसरतात. ॲल्युमिनियमचा जाड ट्रे वेगळा घ्यावा, आणि अर्धा वेळ झाल्यावर तो फिरवावा, कारण मागचा डावा कोपरा दोन मिनिटे आधी रंग धरतो.

नाताळात त्याची खरी परीक्षा झाली. वहिनीचे माहेर मडगावचे, त्यामुळे बोलिन्हा आणि बेबिंका या दोन्हींची मागणी तिकडून आली. नारळ आणि रव्याचे पीठ रात्रभर मुरवून केलेल्या, वर काट्याच्या चौकटी उमटवलेल्या बोलिन्हा पहिल्याच घाण्याला सुरेख झाल्या. रव्यामुळे त्या पसरत नाहीत आणि तापमानातले चढउतारही निमूट सोसतात. बेबिंकाचे तसे नाही. नारळाचे दूध, अंड्यांचा पिवळा बलक, साखर आणि थोडा मैदा यांचे पीठ थराथराने ओतून प्रत्येक थर वरच्या आचेवर तपकिरी करायचा असतो. पूर्वी यासाठी झाकणावर निखारे ठेवत. इथे फक्त वरचे रॉड लावण्याची सोय कामाला आली, आणि या एका सोयीसाठी मी या यंत्राचे बरेच अपराध माफ करीन. सात थरांना पावणेदोन तास लागले. मात्र टायमरला दहा मिनिटांखालची वेळ नेमकी कळत नाही, तो आधी पुढे फिरवून मग मागे आणावा लागतो. चौथा थर त्या गडबडीत फिका राहिला आणि वडी कापल्यावर तो पांढरट पट्टा सगळ्यांना दिसला.

कोंबडी भाजण्याची फिरती सळई अजून खोक्यातच आहे. दाराची काच आतून पुसायला सोपी आहे, पण खालच्या रॉडखाली सांडलेली साखर खरवडून काढण्याचे काम कटकटीचे आहे.

एक किलो मैद्याच्या सुमारे सत्तर नानकटाया होतात आणि एका वेळी बाराच मावतात, म्हणजे सहा घाणे आणि सव्वादोन तास. रॉड सतत पेटते राहिले असते तरी साडेतीन युनिटांच्या आतच वीज लागली असती, आणि ते मधूनमधून विझत असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी लागते. म्हणजे खर्च विजेचा नाही, वेळेचा आहे. चार जणांच्या घराला हा ओटीजी पुरेसा आहे, आणि थर्मामीटर व जाड ट्रे सोबत घेणार असाल तर तो जरूर घ्यावा. नातेवाइकांकडे डबे पाठवायचे असतील तर ४० लिटरच्या खाली जाऊ नये. आमच्याकडे गेल्या दिवाळीत चार किलोंचा बेत झाला. आई दुपारी दोनपासून रात्री अकरापर्यंत ओटीजीसमोर स्टूल टाकून बसली होती आणि काचेतून काटा वाचून दर थोड्या वेळाने आकडा मोठ्याने सांगत होती.