नववा सीझन, तुल्सा आणि विदर्भ एक्सप्रेस

'फ्रेंड्स' या सहा मित्रमैत्रिणींच्या अमेरिकन विनोदी मालिकेचा नववा सीझन आपला आवडता आहे असं सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. ऑफिसात डबे उघडले की हा विषय महिन्यातून एकदा तरी निघतो. पाचवा भारी, सहावा चांगला, आणि आठव्यानंतर बघूच नकोस, हे सर्वानुमते ठरलेलं. मीही इतकी वर्षं हेच म्हणत आले. मागच्या महिन्यात नवरा तापाने आठवडाभर घरी होता, तेव्हा नेटफ्लिक्सवर आम्ही दोघांनी मिळून चोवीसच्या चोवीस भाग पाहिले. आता मला माझं मत अर्धं मागे घ्यावं लागतंय. अर्धंच हं.

जे मागे घेत नाही ते आधी सांगून टाकते. जोई आणि रेचल. सीझन सुरू होतो हॉस्पिटलमध्ये. रॉसच्या कोटातून पडलेली अंगठी जोई उचलतो, बाळंतिणीला, म्हणजे रेचलला, वाटतं हा मागणी घालतोय, आणि ती हो म्हणून बसते. एका भागापुरता हा घोळ मजेचा आहे. पण पुढे वर्षभर तेच पीठ तिंबत राहायचं? आठव्यात जोईला रेचल आवडत होती, ते जमलं नाही, विषय संपला. आता तिला तो आवडायला लागतो. का, तर लिहिणाऱ्यांकडे दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून, असं माझं स्पष्ट मत. आणि रॉस-रेचलची ती तान्ही एमा! गोष्टीला लागेल तेव्हा कडेवर, नाहीतर कुठे असते देव जाणे. आई-बाप निवांत कॉफी पीत बसलेत. माझी मुलगी सहा महिन्यांची असताना मी गरम चहा प्यायल्याचं मला आठवत नाही.

सँडी नावाचा पुरुष दाई येतो तो भागही आता बघवत नाही. फ्रेडी प्रिन्झ ज्युनियरने काम गोड केलंय, बासरी काय वाजवतो, बाहुल्या काय नाचवतो. पण बाप्या माणूस बाळ सांभाळतो म्हणजे त्याच्यात काहीतरी कमी, हा रॉसचा हेका वीस-बावीस मिनिटं चालतो आणि प्रेक्षक हसत राहतात. 2002 साली मीही हसले असते बहुतेक.

आता माघार. हा सीझन मुळात मोनिका आणि चँडलर या नवरा-बायकोचा आहे, आणि हे मला विशीत कळणं शक्यच नव्हतं.

चँडलर मीटिंगमध्ये झोपतो आणि जागा होतो तेव्हा ओक्लाहोमातल्या तुल्साचं ऑफिस सांभाळायला होकार देऊन बसलेला असतो. मोनिकाला त्याच सुमारास मॅनहॅटनमधल्या मोठ्या रेस्टॉरंटमध्ये मुख्य शेफची नोकरी मिळते. मग ती न्यूयॉर्कला, हा आठवड्याचे चार दिवस तुल्साला. माझा नवरा मीटिंगमध्ये झोपला नव्हता, बँकेच्या बदलीच्या यादीत त्याचं नाव आलं एवढंच. तीन वर्षं नागपूर. शुक्रवारी तिकडून विदर्भ एक्सप्रेस, शनिवारी पहाटे ठाणे स्टेशन, रविवारी संध्याकाळी परत. दीड दिवसात लाइट बिल, सासूबाईंची औषधं, गळका नळ आणि राहिलेली भांडणं. बाकी सगळं फोनवर. तुल्साच्या हॉटेलात मोनिका अचानक जाऊन थडकते, तो गडबडीने टीव्हीचं चॅनल बदलतो, पडद्यावर शार्क येतात, आणि बाईची समजूत होते की आपल्या नवऱ्याला शार्क बघून काहीतरी होतं. आणि बिचारी त्याला खूश करायला आणखी शार्क आणते! नवरा अंगात ताप असताना खोकेपर्यंत हसला. मी विचारलं, "नागपूरला तू काय बघायचास रे?" तर म्हणाला, "सह्याद्री वाहिनी." बरं.

नाताळचा तुल्साचा भाग मात्र अर्धा जुन्या भागांच्या तुकड्यांनी भरलाय. शिळ्या भाताला निदान फोडणी तरी द्यावी, इथे नुसता गरम करून वाढलाय. पण तो पळवू नका. ऑफिसातली वेंडी गळ्यात पडायला बघते, हा बायकोची बाजू घेऊन बोलतो, नोकरी सोडतो आणि घरी येतो. पुढे तिशी उलटलेला हा माणूस जाहिरात कंपनीत पोरासोरांबरोबर बिनपगारी इंटर्न होतो. आता गंमत बघा. या सीझनला सहाही कलाकारांना भागामागे प्रत्येकी 10 लाख डॉलर मिळत होते. म्हणजे चँडलर फुकट राबतोय त्या भागाचेही मॅथ्यू पेरीला 10 लाख डॉलर! त्याने आत्मचरित्रात लिहिलंय की पूर्ण सीझनभर व्यसनापासून लांब राहिलो ते याच वर्षी. ऑक्टोबर 2023 मध्ये तो गेला. त्यानंतर पहिल्यांदाच मी हे भाग बघत होते. त्याच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच बघितलं गेलं.

आठवा भाग तर मराठी घरात बसून लिहिल्यासारखा वाटतो. थँक्सगिव्हिंगचं जेवण आहे आणि मोनिकाला लग्नातली चिनी मातीची ताटं बाहेर काढायची छाती होत नाही. आमच्याकडे आत्याने आहेर केलेला बत्तीस नगांचा डिनर सेट शोकेसमध्ये आहे. आजवर दोनदा बाहेर आला, दोन्ही वेळा पुसण्यासाठी. इथे ती ताटं टेबलावर येतात, रेचलची बहीण एमी येऊन सगळ्यांची शोभा करते (क्रिस्टिना ॲपलगेटला या कामासाठी एमी पुरस्कार मिळाला, नावसुद्धा जुळलं), मारामारी होते आणि शेवटी चँडलरच्या हातून उरलेल्या ताटांचं खोकं पडतं. पण या भागाचा काटा दुसरीकडेच आहे. रॉस आणि रेचलचं बरंवाईट झालं तर एमा मोनिका-चँडलरकडे जाणार, पण मोनिकाही नसेल तर एकट्या चँडलरकडे नाही! त्याला ते लागतं. विनोदाच्या आड जातो, पण लागतं.

आणि मग एकविसावा भाग. मूल होत नाही म्हणून दोघं तपासण्या करायला जातात. चँडलर नमुना द्यायला दवाखान्यात पोचतो आणि समोर कोण, तर जुनी मैत्रीण जॅनिस. जिच्यापासून आयुष्यभर पळाला तीच. मला हे मुळीच अतिशयोक्त वाटलं नाही. ठाण्यातल्या त्या दवाखान्यात मी सोनोग्राफीसाठी पोट भरून पाणी पिऊन बसलेली असताना दार उघडून नणंदेच्या शेजारीण काकू आत आल्या. "अगं बाई, तू इकडे कुठे?" मी म्हटलं, मैत्रिणीला सोडायला आलेय. मैत्रीण कुठेच नव्हती. काकूही कुणालातरी सोडायलाच आल्या होत्या म्हणे. दोघी अर्धा तास शेजारी बसून लोणच्याच्या कैऱ्यांबद्दल बोललो.

रिपोर्ट येतो तेव्हा कळतं, अडचण दोघांतही आहे. हे फार महत्त्वाचं आहे. आपल्याकडच्या मालिकांत पहिली शंका सुनेवर, दुसरी पत्रिकेवर. इथे चँडलर तिला सांगतो, दोघं एकमेकांना धरून बसतात. ते चालू असताना आमच्या घरात कुणी काही बोललं नाही. नवऱ्याने फक्त चहा पुढे सरकवला, तोही माझाच.

शेवटचे दोन भाग बार्बाडोसचे. दमट हवेने पिंजारलेले मोनिकाचे केस आणि तिची टेबल टेनिसची मॅच यासाठी जरूर बघा. सहावी मैत्रीण फीबी, तिचा मित्र माइक (काम पॉल रडचं) मोनिकासमोर उभा आहे. तोच माइक, जो सीझनच्या सुरुवातीला जोईने कॉफीहाउसमध्ये "माइक!" म्हणून नुसती हाक मारली म्हणून या गोष्टीत शिरला. या सीझनची दुसरी कमाई तोच. मोनिकाचा हात दुखावतो आणि बॅट चँडलर घेतो. इतके दिवस लपवलेला हात असा काही चालवतो की बस्स. बाकी कोण कुणाचं चुंबन घेतं वगैरे आहे, ते भांडी घासता घासता ऐकलं तरी चालेल.

पाचपैकी साडेतीन तारे. जोई-रेचल नसते तर चार दिले असते. नवरा म्हणतो साडेचार, पण त्याला तेव्हा ताप होता.