ग्रीसच्या नावाखाली कपलरमध्ये सीलंट भरला

समुद्राजवळ राहून गाडी वापरणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. पावसाळ्याच्या तोंडावर रत्नागिरीतल्या एका गॅरेजने माझ्या गाडीला 'वायरिंग प्रोटेक्शन' करून दिलं. खाऱ्या हवेने कपलर, म्हणजे वायरी एकमेकींना जोडणारे प्लग, गंजतात, आम्ही इम्पोर्टेड डायइलेक्ट्रिक ग्रीस भरून ते कायमचे सील करतो, असं सांगून ४५०० रुपये घेतले. खाऱ्या हवेचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. त्या खऱ्याच्या आडोशानेच फसवलं जातं.

गणपतीच्या सुमारास एक हेडलाइट मंद पडला, मग इंडिकेटर अधूनमधून बंद. गॅरेजवाला म्हणाला, "अख्खं वायरिंग बदलावं लागेल, २८ हजार." मी गाडी एका जुन्याजाणत्या वायरमनकडे नेली. त्यांनी कपलर उघडला तर आत रबरासारखा घट्ट पांढरा थर आणि पिना हिरव्यागार. ग्रीस असं सुकून रबर होत नाही. तो बाथरूमच्या फटी बुजवायचा स्वस्त सिलिकॉन सीलंट होता!

हा सीलंट सुकताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, कारण त्यातून अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सुटतं. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक कळकतं, तशी त्या आम्लाने तांब्याची तार आणि पितळी पिना खराब होतात. आत राहिलेली ओलही कोंडली जाते. गंजलेल्या पिनेचा रोध वाढतो, ती तापते, कपलरचं प्लास्टिकही वितळू शकतं. म्हणजे गंज थांबवायचे पैसे घेऊन गंज लावला. भर पावसात, रात्री आंबा घाटात दिवे गेले असते तर?

खरं काम असं: बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, कॉन्टॅक्ट क्लीनरने पिना साफ करून पूर्ण सुकवायच्या, फाटलेलं रबर सील बदलायचं, मग ग्रीसचा पातळ हात. हे ग्रीस वीज वाहून नेत नाही, ते फक्त पाणी अडवतं. म्हणून ठासून भरायचं नसतं. ट्यूब समोर उघडायला लावा, वास घ्या.

वायरिंग बदला म्हणाले तर आधी मल्टिमीटर लावायला सांगा. हेडलाइट चालू ठेवून बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि दिव्याची अर्थ वायर (गाडीच्या बॉडीला जोडलेली) यांच्यामधला व्होल्टेज बघा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला, तर दोष अर्थिंगमध्ये शोधायचा. माझं काम खराब कपलर आणि एक अर्थ वायर बदलून भागलं.

बिलावर 'डायइलेक्ट्रिक ग्रीस' असं छापलेलं आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर मी तक्रार नोंदवली आहे. कुणाचं असंच काम झालं असेल तर काढलेले कपलर फेकू नका, पुरावा तोच.