वारसा म्हणून घेतलेली नीलमाची अंगठी

मुलीकडे पुढे सोपवता येईल असा एकच दागिना घ्यायचा, या विचाराने मी १८ कॅरेट सोन्यात, बंद कोंदणात बसवलेल्या नीलमाची अंगठी निवडली आणि ती आता रोजच्या वापरात आहे. २२ कॅरेट सोन्यात सुमारे ९१.६ टक्के शुद्ध सोने असते, तर १८ कॅरेटमध्ये ७५ टक्के. उरलेल्या धातूंच्या मिश्रणामुळे ते अधिक कणखर होते, आणि रत्न धरून ठेवणाऱ्या दागिन्यात मला शुद्धतेपेक्षा हा कणखरपणा महत्त्वाचा वाटतो. खनिजांचा कठीणपणा १ ते १० अशा आकड्यांत मोजणाऱ्या मोझ मापनश्रेणीवर नीलम ९ वर आहे. पाचूही मनात होता, परंतु त्यात नैसर्गिक भेगा असतात आणि त्या झाकण्यासाठी बहुधा तेल मुरवलेले असते. मोती तर घामाने आणि अत्तरानेही निस्तेज होतो.

कारागिरी उत्तम आहे. कोंदणाची कड खड्याभोवती सलग वळवलेली असून तिच्यावरून नख फिरवले तरी ते कुठेही अडकत नाही. अंगठीचा मागचा भाग साधा, नक्षीविरहित ठेवला आहे, त्यामुळे पुढच्या पिढीच्या बोटाला बसेल असे माप सोनाराला सहज करून देता येईल. प्रमाणपत्रात नीलमावर उष्णताप्रक्रिया, म्हणजे रंग खुलवण्यासाठी खडा तापवणे, झाल्याची स्पष्ट नोंद आहे. अशी प्रक्रिया सर्रास होते, पण ती लपवली नाही हे मला विशेष भावले. आतल्या बाजूचा ७५० हा, म्हणजे ७५ टक्के सोन्याचा, शिक्का मात्र फारच उथळ उमटला आहे आणि वर्षानुवर्षांच्या झिजेत टिकण्यासाठी तो अधिक ठळक हवा होता.