रॉकेटसोबत मिळणाऱ्या ‘प्लास्टिक प्रायमर’ला भुलू नका

विज्ञान प्रदर्शनाला महिना उरला की शाळेत संचवाला येतो. पिशवीत पाण्याच्या रॉकेटचं सामान: दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीवर बसणारं निमुळतं नाक, चार पंख, स्प्रेचा एक डबा आणि 100 मिलीची बिनरंगी बाटली. बाटलीवर चिठ्ठी, ‘प्लास्टिक प्रायमर, सर्व प्लास्टिकसाठी’. प्रायमर म्हणजे रंग धरावा म्हणून आधी द्यायचा हात. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाळेने असे सहा संच 850 रुपयांप्रमाणे घेतले. 5100 रुपये रोख, पावती वहीच्या पानावर. तिसऱ्या दिवशी सापाने कात टाकावी तसा नाकांचा रंग सुटला. पंख तर लावतानाच चिकट होऊन वाकले होते. संचवाल्याचा फोन बंद.

शाळेने डोळे मिटून घेतलं असं नाही. संचवाल्याने प्रात्यक्षिक करून दाखवलं होतं. पिशवीतलं एक नाक काढलं, फडक्याने त्या बिनरंगी बाटलीतला द्रव फासला, रंग मारला आणि सुकल्यावर नखाने खरवडलं. रंग हलला नाही. खरी हातचलाखी इथेच आहे. ते नाक एबीएस नावाच्या प्लास्टिकचं होतं आणि विकलेल्या संचांच्या खोक्यातली नाकं पॉलिप्रोपिलीनची, म्हणजे पीपीची. दोन्ही पांढरी, हातात घेऊन फरक कळत नाही. एबीएसचा वरचा थर थिनरने, म्हणजे रंग पातळ करायच्या द्रवाने, किंचित विरघळतो आणि रंग त्यात रुततो. पीपी मेणकट. त्यावर पाणी पसरत नाही, थेंब थेंब होऊन बसतं. रंगही तसाच नुसता वर टेकतो. सुकल्यावर झकास दिसतो. पण नाक बाटलीवर दाबून बसवताना कडा वाकते आणि तिथून पापुद्रा उचलला जातो. तोवर संचवाला दुसऱ्या तालुक्यात.

आणि ‘प्रायमर’च्या बाटलीत होता साधा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर, गॅरेजवाले वापरतात तो. ओळखायला पाच मिनिटं पुरतात. स्वच्छ काचेवर पाच थेंब टाका. थिनर उडून जातो, मागे काही उरत नाही. पीपी प्रायमरमध्ये क्लोरिनेटेड पॉलिओलेफिन नावाचं राळेसारखं द्रव्य असतं, त्यामुळे काचेवर बोटाला जाणवणारी पातळ साय राहते. काही लबाड थिनरमध्ये थोडा क्लिअर लॅकर (बिनरंगी वार्निश) घालतात, मग सायही दिसते. म्हणून खरी परीक्षा खोक्यातल्याच तुकड्यावर. प्रात्यक्षिक बघायचं तर आपण निवडलेल्या नाकावर, आणि निकाल दोन दिवसांनी.

प्लास्टिक कोणतं ते आधी पाहा. आतल्या बाजूला त्रिकोणात आकडा असतो: 1 म्हणजे पेट (कोल्ड्रिंकच्या बाटलीचं प्लास्टिक), 5 पीपी, 6 पॉलिस्टायरीन. आकडा नसेल तर कडेची चिमूटभर कपची काढून ग्लासभर पाण्यात बुडवा. पाण्यात साबणाचा एक थेंब घाला, नाहीतर चिकटलेल्या हवेने जड तुकडाही तरंगतो. पाण्याची घनता 1 धरली तर पीपीची 0.90 ते 0.91, ते वर येतं. पॉलिस्टायरीन आणि एबीएस 1.04 च्या आसपास, ते तळाशी जातात. खडूसारखी भुकटी मिसळलेलं पीपी मात्र बुडू शकतं, एवढं ध्यानात ठेवा.

आता या संचातली गंमत बघा: नाक पीपीचं, पंख पॉलिस्टायरीनचे, अंग, म्हणजे कोल्ड्रिंकची बाटली, पेटचं. तिघांना एकच प्रायमर चालणारच नाही. अस्सल पीपी प्रायमरसुद्धा पंखांना लावायचा नाही. त्यात झायलीन किंवा टोल्युईन असतं आणि पॉलिस्टायरीन त्यात विरघळतं. पंखांना 600 च्या वॉटर पेपरने (ओला करून घासायचा बारीक पॉलिश पेपर) पाण्यात हलका हात मारा, भांड्याच्या साबणाने धुवा, वाळवा आणि पाण्यात कालवायचा ॲक्रिलिक रंग द्या. थर पातळच हवा. रंग जाड झाला की शेपूट जड होते, गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि रॉकेट सरळ जायचं सोडून गिरक्या घेतं.

कोल्ड्रिंकच्या बाटलीला पॉलिश पेपर लावूच नका. पोट्ट्यांना वाटतं घासलं की रंग धरेल. पण हवेचा दाब झेलणारी तीच, आणि ओरखड्यातूनच ती फाटते. थिनरनेही पेट कमजोर होतं. रंगीत चिकटपट्टी गुंडाळा, काम झालं.

नाकाचं काम वेळखाऊ. साच्याची उभी रेघ ब्लेड आडवं ओढून खरवडा. जाड पेपरने पीपीला लव सुटते, म्हणून 400 चा वॉटर पेपर, तोही ओला. साच्यातून माल सुटावा म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य वर असतं. कोमट पाणी आणि साबणाने दोनदा धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि बोट लावू नका. पीपी प्रायमर गाड्यांचे बंपर रंगवणाऱ्याकडे मिळतो. एकच पातळ हात. जाड दिला तर तोच थर सोलून निघतो. त्यावर डब्यावर लिहिलेल्या वेळेत रंग मारा. 25 सेंटीमीटरवरून तीन हलके हात, मधे दहा-दहा मिनिटं. आपल्याकडे मे महिन्याच्या उन्हात फवारा हवेतच सुकून खरखरीत बसतो आणि पावसाळ्यात लॅकरवर पांढुरकी झाक येते. प्रदर्शनं बहुधा कापसाच्या दिवसांत. अंगणात कापसाची गंजी असेल तर ओल्या रंगावर तंतू बसलेच समजा. दार लावून, खिडकी उघडी ठेवून खोलीत मारा.

दोन दिवसांनी नाकाच्या आत जाणाऱ्या भागावर ब्लेडने दोन-दोन मिलीमीटरवर सहा उभ्या, सहा आडव्या रेघा मारा. वर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. चौकोन पट्टीला आले की सगळं काढून पुन्हा सुरुवात.

बंद पाकिटावर पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, वजन किंवा माप, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीचा संपर्क छापणं कायद्याने बंधनकारक आहे. त्या बाटलीवर यातलं एकही नव्हतं. फसलात तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. सोबत पावती, बाटली, सुटलेला पापुद्रा आणि एक न रंगवलेलं नाक जपून ठेवा. त्या शाळेकडे तेवढं राहिलं नव्हतं. सहाही नाकं एकाच दुपारी रंगवून झाली होती.