राजारामपुरीतील फ्रिज दुरुस्ती सेवा : पाण्याच्या डिस्पेन्सरच्या एरर कोडचे निदान

दारातून थंड पाणी देणारे, थेट नळजोडणीचे दोन दारी फ्रिज आता कोल्हापुरात बऱ्याच घरांत दिसतात. मात्र त्यांचा डिस्पेन्सर बंद पडून दारावरच्या पटलावर एरर कोड झळकू लागला, की कोणाला बोलवावे हे चटकन सुचत नाही. राजारामपुरीच्या एका आतल्या गल्लीतील छोट्या फ्रिज-एसी दुरुस्ती दुकानाने आमच्या घरी हे काम ज्या पद्धतीने केले, ती पद्धत सविस्तर सांगण्याजोगी आहे. हाती असलेली कामेच पुरेशी आहेत, नाव लिहू नका, अशी मालकांची विनंती असल्याने दुकानाचे नाव येथे देत नाही. मालक स्वतः मिस्त्री आहेत आणि त्यांच्या हाताखाली एक तरुण मुलगा काम शिकतो.

आमच्या फ्रिजवर आलेल्या कोडचा अर्थ माहितीपुस्तिकेत ‘पाण्याच्या प्रवाहाच्या सेन्सरमध्ये बिघाड’ असा दिला होता. फ्रिज ज्या कंपनीचा आहे, तिच्या सेवा केंद्राने दूरध्वनीवर कोड ऐकताच सेन्सर आणि व्हॉल्व्ह दोन्ही बदलावे लागतील, सुटे भाग पुण्याहून मागवावे लागतील आणि रक्कम आगाऊ भरावी लागेल, असे कळवले. यंत्र कोणी पाहिले नव्हते, पाण्याची जोडणी कशी आहे हेही विचारले नव्हते. त्यानंतर शेजाऱ्यांनी या मिस्त्रींचे नाव सुचवले.

त्यांनी येताच कोड पाहिला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “वहिनी, कोड एवढंच सांगायलाय की पाणी पोचंना झालंय. का पोचंना, ते मागनं बघत यायला पायजे.” या दोन वाक्यांत निदानाचे सारे तत्त्व आले आहे. प्रवाहाच्या सेन्सरमध्ये चुंबक बसवलेले एक लहान चाक असते. पाणी वाहू लागले की ते फिरते आणि त्याच्या फेऱ्यांचे संकेत नियंत्रण बोर्डाकडे जातात. बोर्डाने व्हॉल्व्ह उघडला आणि ठरलेल्या वेळात पुरेसे संकेत आले नाहीत, की बोर्ड कोड दाखवतो. सेन्सर खरोखर निकामी असेल तरी कोड तोच, व्हॉल्व्ह अडकला असेल तरी तोच, फिल्टर तुंबला असेल किंवा टाकीतून पाणीच येत नसेल तरीही तोच. म्हणून केवळ कोडावरून भाग मागवणे म्हणजे ग्राहकाच्या पैशाने अंदाज बांधणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

मिस्त्रींची पहिली तपासणी कानाने झाली. त्यांनी मुलाला फ्रिजच्या मागे उभे केले आणि स्वतः पेला लावून डिस्पेन्सरची पट्टी दाबली. मागून व्हॉल्व्हची बारीक गुणगुण ऐकू आली, म्हणजे पट्टीमागचा स्विच, बोर्ड आणि व्हॉल्व्हपर्यंतची वीज यांत दोष नसावा, एवढे कळले. मग त्यांनी बर्फाचा डबा उघडला. आमच्या फ्रिजमध्ये बर्फासाठी व्हॉल्व्हची कॉइल (व्हॉल्व्ह उघडणारे विजेच्या तारेचे वेटोळे) वेगळी आहे, पण नळाकडून येणारी नळी एकच. डब्यातले खडे नेहमीपेक्षा लहान आणि मध्ये पोकळ होते. बर्फ नीट होत असता आणि केवळ पिण्याचे पाणी बंद असते, तर दोष डिस्पेन्सरच्या शाखेत शोधावा लागला असता; फ्रीझरचे तापमान उणे १८ अंशांपेक्षा फार खाली ठेवले, तर दारातल्या नळीत पाणी गोठते, हे त्याचे नेहमीचे कारण. दोन्हीकडे पाणी कमी पडत असल्याने शोध सामाईक मार्गाकडे वळला. स्क्रूड्रायव्हर हातात घेण्यापूर्वीच निम्म्या शक्यता बाजूला पडल्या होत्या, आणि या सेवेचे खरे मोल मला तेथे दिसले.

यानंतर फिल्टर काढून त्या जागी बायपास प्लग, म्हणजे पाणी फिल्टरविना थेट पुढे जाऊ देणारे बूच, बसवला. फरक पडला नाही. फ्रिजचा प्लग काढून आणि पाण्याचा कॉक बंद करून मीटरने व्हॉल्व्हच्या कॉइलचा रोध मोजला. तो योग्य निघाला. व्हॉल्व्हच्या तोंडाशी असलेली बारीक जाळीही पाहिली, तिच्यावर थोडा गाळ होता, तो धुतला. पाणी मात्र तितकेच मंद राहिले.

शेवटी नळी सोडवून तिला प्रेशर गेज लावला. कोल्हापुरातील घरांच्या दृष्टीने ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. अशा फ्रिजसाठी बहुतेक कंपन्या किमान २० ते ३० पीएसआय, म्हणजे साधारण १.४ ते २ बार (पीएसआय आणि बार ही दाब मोजण्याची एकके), दाब मागतात. गच्चीवरच्या टाकीचा दाब मात्र उंचीच्या हिशेबात मिळतो : १० मीटर उंचीला सुमारे १ बार. टाकी स्वयंपाकघराच्या नळापेक्षा ५ मीटर वर असेल, तर हाती अर्धा बारच येतो. त्यामुळे बंगल्यांत आणि वरच्या मजल्यांवर फ्रिजच्या नळीला लहान बूस्टर पंप जोडलेला असतो, तसा तो आमच्याकडेही आहे.

गेजचा काटा पाणी थांबलेले असताना पुरेशा दाबावर उभा होता. दुसरा एखादा कारागीर येथेच दाब ठीक असल्याचे सांगून सेन्सरकडे वळला असता. मिस्त्रींनी गेजच्या पुढचा कॉक उघडून पाणी बादलीत वाहू दिले आणि काटा झरझर खाली आला. स्थिर दाब चांगला आणि वाहता दाब कोसळलेला, याचा अर्थ वाटेत कोठेतरी अडथळा आहे. पंप हळूहळू दाब साठवू शकतो, पण त्याला मागून पाणीच मिळत नसल्याने प्रवाह टिकवू शकत नाही. पंपाच्या आधी बसवलेली जाळी उघडली, तेव्हा ती तांबूस गाळाने जवळजवळ पूर्ण भरलेली होती.

पावसाळ्यात पंचगंगा गढूळ होते आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांत शहराचा पाणीपुरवठा कसा विस्कळीत झाला होता, हे येथील प्रत्येक घराला ठाऊक आहे. मोठा पूर नसतानाही पुरवठा खंडित होऊन पुन्हा सुरू झाला, की वाहिनीतला गाळ घरच्या टाकीत उतरतो आणि तेथून अशा बारीक जाळ्यांत बसतो. पावसाळा संपताच टाकी धुवावी आणि त्याच वेळी पंपाची जाळीही साफ करावी, असे मिस्त्रींनी बजावले. जाळी धुऊन जोडणी पूर्ववत केल्यावर त्यांनी नळीतली हवा जाऊन पाणी स्वच्छ येईपर्यंत ते वाहू दिले, फिल्टर नवा बसवला, फ्रिज बंद करून पुन्हा चालू केला आणि पेल्यामागून पेले भरून कोड परत येत नाही याची खात्री केली. एकही महागडा भाग बदलावा लागला नाही. बिलात पाहणीचे शुल्क आणि फिल्टरची किंमत एवढ्याच दोन बाबी होत्या, आणि जुना फिल्टर त्यांनी मला दाखवून मगच टाकला.

उणिवाही सांगायला हव्यात. दिलेली वेळ क्वचितच पाळली जाते. सकाळी येतो म्हटले, तर दुपार धरून चालावे. काम सुरू असताना ते दूरध्वनी उचलत नाहीत. बिल हाताने लिहिलेले मिळते आणि त्यावर दुरुस्तीच्या हमीचा उल्लेख नसतो, तो आग्रहाने लिहून घ्यावा. नियंत्रण बोर्डाची दुरुस्ती ते करत नाहीत, तसे काम निघाल्यास आधीच सांगतात. वॉरंटीतील यंत्राला ते हात लावत नाहीत, आणि हे मला योग्यच वाटते.

बोलावण्यापूर्वी फ्रिजच्या आतील बाजूच्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक आणि पटलावरील कोड यांचे छायाचित्र काढून ठेवावे, कारण एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत एकाच कोडाचे अर्थ वेगळे असू शकतात. बर्फ नीट होतो का, फिल्टर कधी बदलला होता आणि नळीवर पंप आहे का, हे तीन प्रश्न ते दूरध्वनीवरच विचारतात. त्यांची उत्तरे तयार असली, तर योग्य साहित्य घेऊनच ते घरी येतात.